टाचांची रांग

माझ्या आत्तापर्यंतच्या कामातला सगळ्यात मोठा शोध मी टाचेनं लावला. ब्रशने नाही, थापीने नाही, आमच्या टीमकडच्या त्या महागड्या मशीननेही नाही. टाचेनं. आणि त्या वेळी उरणच्या नाक्यावर चहा पीत बसलेली सात-आठ माणसं त्या शोधात सामील होती, हे त्यांनाच अजून धड माहीत नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय, आणि एका बैठकीत लिहून टाकणार आहे, कारण परत वाचायला बसले तर अर्धं खोडेन.

या अंकाचे संपादक म्हणाले, शाळेपासून सुरुवात कर, मग कॉलेज, मग परदेश, असा प्रवास लिही. सर, सॉरी. प्रवास म्हणजे विमानतळावरचा गारठा आणि व्हिसाचे फॉर्म. मी थेट चिखलात उतरते.

तर मी बेलीझमध्ये काम करते. मेक्सिकोच्या खाली, समुद्राला चिकटलेला चिमुकला देश. माया लोकांची दगडी देवळं तुम्ही फोटोत पाहिली असतील, जंगलातून वर डोकं काढलेली, उभ्या चढाच्या पायऱ्यांची. तिथे काम करणाऱ्यांचे फोटो छान येतात. आमची टीम देवळात नाही, खाडीत. कांदळवनात, कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात. कारण देवळं बांधणाऱ्यांनाही जेवणात मीठ लागायचं आणि ते मीठ या किनाऱ्यावर पिकायचं. मडक्यांत खारं पाणी आटवून मीठ करायचे, होड्यांतून आत पाठवायचे. हजार-बाराशे वर्षांत समुद्र वर चढला आणि ती सगळी वस्ती पाण्याखाली गेली.

आता मी कोण, तर आगरी, मिठागरातली. आमच्या घरात बाबांपर्यंत सगळे मिठागरावरच राबले. आमचं मिठागर आता कंटेनर यार्डाखाली आहे, दादा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, आणि मी मीठ शोधायला अर्धी पृथ्वी ओलांडून गेले. आत्या म्हणाली, "चिखलच तुडवायचा व्हता, तं हितला काय वाईट व्हता?" मी तेव्हा हसले होते. आत्याचं हे वाक्य लक्षात ठेवा.

काम कसं असतं ते आधी सांगते, कारण प्रत्येक लग्नात मला कोणीतरी विचारतंच की सोनं सापडलं का. नाही सापडलं. सापडलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता, कारण मग पोलीस, पहारा आणि पत्रकार. खोदणं हा कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. दोरीने चौकोन आखायचा, बोटभर थर काढायचा, थांबायचं. फोटो, माप, चित्र. मग पुढचा बोटभर. मासळीचं पोट एकदा फाडलं की परत शिवता येत नाही, तसं हे. काढलेला थर परत बसवता येत नाही, म्हणून काढायच्या आधी सगळं उतरवून घ्यायचं.

आणि खाडीत तर अजून एक गंमत. लाकूड हवेत कुजतं, पण कांदळवनाच्या काळ्या चिखलात हवाच शिरत नाही. म्हणून हजार वर्षांपूर्वीचा खांब वर येतो तेव्हा त्याच्यावर दगडी कुऱ्हाडीचे घाव काल घातल्यासारखे दिसतात. पण बाहेर काढून चार दिवस ठेवला की तडकतो, आठवडाभराने तर चुलीत घालायच्याही लायकीचा राहत नाही. तेव्हा सांभाळणं म्हणजे ओलं ठेवणं. माझ्या पदाचं नाव इंग्रजीत अडीच ओळींचं आहे. मतेओ मामा म्हणायचा, "ही पोरगी लाकडांना पाणी घालते." तेच खरं.

मतेओ मामा म्हणजे आमच्या कामगारांचा मुकादम. पन्नाशीचा, बुटका, खांद्याने रुंद. स्वतः माया. मी पहिल्याच आठवड्यात त्याला मामा म्हणायला लागले, कारण त्या वयाच्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. नंतर कळलं की स्पॅनिशमध्ये मामा म्हणजे आई. कामगार पोट धरून हसले. तो म्हणाला, राहू दे, मला आवडतं, या सगळ्यांना मीच जेवायला घालतो.

आमच्याकडे बोटीने पर्यटक यायचे. एक ठरलेला प्रश्न असायचा. गोरा माणूस, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर खूप दुःख: "हे माया लोक अचानक नाहीसे कुठे झाले?" आणि हे विचारत असताना मतेओ मामा त्याच्या हातात पाण्याची बाटली देत असायचा. मामा काही बोलायचा नाही. एकदा मी विचारलं, तू सांगत का नाहीस? तो म्हणाला, "सांगितलं तर टीप देत नाहीत. त्यांना नाहीसे झालेले माया हवे असतात."

माझी पहिली फजिती पण सांगून टाकते. पहिल्याच दिवशी खड्ड्यातला चिखल मी चिमूटभर जिभेवर ठेवला. लहानपणी बाबांना रोज बघायचे, ते पाण्यात बोट बुडवून चाटायचे आणि सांगायचे, अजून दोन दिवस, किंवा उद्या सोड. तीच सवय. सगळी टीम थांबून माझ्याकडे बघत होती. आमच्या प्रमुख एलेना मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आपण पुरावा खात नाही." पुढचे दोन सीझन मला जेवणाच्या टेबलावर चिखलाची वाटी देण्याचा विनोद चालू होता.

एलेना मॅडमबद्दल वाईट लिहिणार नाही. त्या कडक आहेत, पण चिखलात सगळ्यात आधी उतरतात आणि सगळ्यात शेवटी निघतात. त्यांना मॅडम म्हटलेलं आवडत नाही. मी तरी म्हणते.

आता मूळ गोष्ट. गेल्या सीझनला आम्हाला खाडीच्या मुखाजवळ खांबांच्या दोन रांगा सापडल्या. समांतर, मधे साधारण चार पावलांचं अंतर. मधे चिखलाचा जाड थर, आणि त्या थरात माडाच्या जातीच्या झावळ्यांची चपटी, काळी पडलेली चादर. एका जागी रांग तुटलेली, आणि तिथे दोन जाड खांब समोरासमोर. दोन्ही खांबांना आतल्या बाजूने वरपासून खालपर्यंत खाच.

एलेना मॅडमचा अर्थ सरळ होता. खांब म्हणजे घराच्या भिंती. झावळ्या म्हणजे कोसळलेलं छप्पर. दोन खाचेचे खांब म्हणजे दाराची चौकट.

मी त्या खाचा बघितल्या आणि हात घालून वरपासून खालपर्यंत चाचपल्या. कारण मी ही वस्तू रोज शाळेत जाताना बघायचे. आमच्या गावाच्या बांधाला उघाडी होती, लाकडी. दोन खाचेचे खांब आणि त्या खाचांतून वर-खाली सरकणारी फळी. भरतीचं पाणी आत घ्यायचं तर फळी वर, अडवायचं तर फळी खाली. बस. घराच्या दाराला वरून खाली सरकणारी फळी कोण लावेल?

मी म्हटलं, मॅडम, हे घर नाही. हा बांध आहे. खारं पाणी आत घेऊन कोंडायचं, उन्हाने दाट करायचं, मग मडक्यात आटवायचं. सरपण निम्मं लागतं.

मॅडम म्हणाल्या, "तू मिठाच्या गावात जन्मलीस म्हणून तुला सगळीकडे मिठागर दिसतंय."

"आणि तुम्ही घरात जन्मलात म्हणून तुम्हाला सगळीकडे घर दिसतंय," मी म्हटलं. म्हणजे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "असेल."

हा वाद नुसता आमच्या दोघींचा असता तर चाललं असतं. पण त्या मुखातून मोठ्या बोटींसाठी खोल वाट काढायची होती, गाळ उपसून. उपसा आमच्या खांबांवरूनच जाणार होता. परवानगी देण्याआधी तिथल्या पुरातत्त्व खात्याचे अधिकारी येऊन बघणार होते. अशी लाकडी घरं त्या किनाऱ्यावर आधीही सापडलेली, नोंदलेली होती. अजून एक घर म्हणजे फोटो काढा, चित्र काढा, आणि उपसा सुरू. पण बांध असेल, उघाडीसकट, तर तसा तिथे कोणीच पाहिलेला नव्हता. मग वाट दुसरीकडून काढावी लागणार. म्हणजे माझं म्हणणं मी सिद्ध केलं तर ती जागा राहणार होती, नाहीतर मशीनच्या बादलीत जाणार होती. आणि माझ्याकडे पुरावा काय? शाळेची वाट.

अधिकारी गुरुवारी यायचे होते. बुधवारी सकाळी आम्ही होडीने पोचलो तर खड्डा गायब.

समजावून सांगते. पाण्याखाली खोदता येत नाही, म्हणून आम्ही जागेभोवती वाळूच्या गोण्यांची भिंत रचतो आणि आतलं पाणी पंपाने काढतो. दोन दिवस समुद्राकडून जोराचा वारा होता, पाणी चढलं होतं, आणि भिंत फुटली होती. आत पाण्याचा लोट घुसत होता, उघडे पडलेले खांब त्यात थरथरत होते. झावळ्यांची चादर एका कडेने सुटायला लागली होती. कामगारांनी नव्या गोण्या टाकल्या, त्या पाण्याने ढकलून दिल्या. अजून टाकल्या, फटींमधून पाणी येतंच होतं. एलेना मॅडम काठावर उभ्या होत्या, हात कमरेवर.

मी बाबांना फोन लावला. व्हिडिओ कॉल. तिथे सकाळचे सात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ, बाबा नाक्यावर चहाला असणार हे मला पक्कं माहीत. मिठागर गेलं तरी आमच्याकडे भातशेतीच्या बांधाला खांड पडली की अजून बाबांनाच बोलावतात. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. भरती शेतात शिरली तर तीन वर्षं भात होत नाही, तेव्हा खांड पडली की अख्खा गाव धावतो, आणि कुठे उभं राहायचं ते बाबा सांगतात.

"बाबा, खांड पडलेय."

बाबांनी कप खाली ठेवला. "कुठं?"

"माझ्या कामावर."

"किती रुंद?"

"दोन माणसं आडवी झोपतील एवढी."

"उधान का भांग?" म्हणजे मोठी भरती की लहान.

"इथे भरतीच वीतभर असते. वाऱ्याने पाणी चढलंय."

"ईतभर?" बाबांनी बाजूच्यांकडे बघितलं. "ईतभर पान्याला रडतंस? कॅमेरा फिरव, मना खांड दाखव."

मी दाखवली. आता पडद्यात बाबांच्या मागे चार डोकी घुसली होती. कोणीतरी म्हणालं, "गोन्या टाकल्यान वाटतं." दुसरा म्हणाला, "शिकलेली मानसं." आणि सगळे हसले.

"गोन्या काढ," बाबा म्हणाले. "गोनीला पाय देता येत न्हाय, बाय. ज्याला पाय देता येत न्हाय, त्याचा बांध व्हत न्हाय. खुंट हायेत?"

"आहेत."

"मधी न्हाय मारायचं. दोन्ही कडंनी सुरू कर. चिखल कापून ढेपा आन, पातल न्हाय, ढेपा. एक थर ढेपांचा, मंग पाय, वर पेंढा. परत ढेपा, पाय, पेंढा. तोंड हातभर ऱ्हायलं की थांब. आतबाहेर पानी सारखं झालं की सगल्यांनी एकदम बुजवायचं."

"पेंढा नाहीये इथे. झावळ्या आहेत."

"झावल्या चालतील."

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग फोनकडे. "हे कोण?" "माझे वडील." "ते काय करतात?" "हेच." मॅडमनी बुटांच्या नाड्या सोडल्या.

पुढचे तीन तास मी आयुष्यभर विसरणार नाही. मामाच्या माणसांनी कांदळवनातून फावड्यांनी चिखलाच्या ढेपा कापल्या, होडीतून आणल्या. दोन्हीकडून खुंट ठोकले. पहिला थर बसला, वर झावळ्या, वर ढेपा, आणि आम्ही सात जणं वर चढलो. प्रत्येकजण आपापल्या मनाने उड्या मारायला लागला. चिखल बाजूने बाहेर यायला लागला.

फोन मी एका काठीला बांधला होता. त्यातून ओरडा आला. "आरे, नाचतात काय! रांग कर, रांग. खांद्यावर हात. सगल्यांचं तोंड एका बाजूला. उजवी टाच दे, टाच. चवडा न्हाय."

मागून कोणीतरी, "गुडघा वाकवू नको म्हनावं."

मी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. हात खांद्यावर. माझ्या उजव्या बाजूला मतेओ मामा, डाव्या बाजूला एलेना मॅडम, दोन देशांचे पुरस्कार मिळालेल्या, पॅन्ट मांडीपर्यंत दुमडलेली.

"मी बोलेन तवा," बाबा म्हणाले. "हूं... दे. हूं... दे. फुडं सरक. हूं... दे."

आम्ही पाय दिले. नाक्यावरचे सगळे आता बाबांबरोबर म्हणत होते. कामगारांनी पण धरलं, "दे, दे," अर्थ माहीत नसताना. पाय पडला की खालचा चिखल एकदम घट्ट दाबला जायचा, आणि पाऊल सरकलं की मागे टाचेचा गोल खळगा राहायचा. शेवटी तोंड हातभर राहिलं. थांबलो. आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीला आलं. मग सगळे एकदम. ढेपा, झावळ्या, ढेपा, आणि रांग चढली वर.

बंद झालं. बाहेरून थेंब नाही. मामाने बांधाला कान लावला, खरंच कान लावला, आणि मान हलवली.

"पंप लाव," बाबा म्हणाले. "आमी जातो, चहा थंड झाला." कॉल बंद.

मॅडम खांडीवर बसल्या होत्या, धापा टाकत. मी शेवटच्या थरावर झावळ्या पसरायला वाकले, आणि थांबले. खाली आमच्या टाचा होत्या. सात-सात खळग्यांच्या ओळी, सरळ, एकामागे एक, सगळ्या एकाच दिशेने. त्यावर मी झावळ्या घालणार होते. आणि पाच पावलांवर, खड्ड्यात, हजार वर्षांपूर्वीच्या झावळ्या होत्या, ज्यांना आम्ही दोन महिने छप्पर म्हणत होतो.

मी झावळ्या हातात धरून तशीच उभी. मामा म्हणाला, "काय झालं, पाठ धरली?"

"मॅडम," मी म्हटलं, "ते छप्पर असेल तर त्याच्या खाली काय असायला हवं?"

"घराची जमीन. चूल. खापरं."

"आणि पेंढा असेल तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाखाली. त्या हुशार आहेत, सांगावं लागलं नाही. वाकून एका खळग्यात बोट घालून खोली बघितली. मग म्हणाल्या, "एक पट्टी. खांबांच्या या रांगेपासून त्या रांगेपर्यंत, फक्त हातभर रुंद. चूल निघाली तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

"चालेल."

पंपाने पाणी काढेपर्यंत दुपार टळली. झावळ्या एकेक पाती करून सोडवायच्या असतात, बांबूच्या कामटीने, वरून पाण्याचा बारीक फवारा मारत. त्या दिवशी पाती नुसत्या सुट्या करून झाल्या, एकही उचलली नाही. ओल्या कापडाने झाकून आलो. मला जेवण गेलं नाही. चूल निघणार, असं मी स्वतःलाच सांगत होते, म्हणजे निघाली तर कमी लागेल.

गुरुवारी अधिकारी वेळेच्या दीड तास आधी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. आम्ही सगळे खड्ड्यात गुडघ्यावर. मॅडमना वाटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, थोडं थांबा, बाहेर बसा, चहा घ्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. आम्हालाही माहीत नाही खाली काय आहे. आत्ताच बघतोय."

मामा कामटी चालवत होता, मी फवारा. पहिली पाती उचलली. खाली चिखल, गुळगुळीत. काही नाही. दुसरी उचलली. चिखल. अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. मी मॅडमकडे बघायचं टाळलं. तिसरी पाती लांब होती, मामाने ती दोन्ही हातांनी, बाळाच्या अंगावरची चादर काढावी तशी काढली.

खाली एक खळगा होता. गोल, बाहेरच्या कडेला जरा खोल, तळाशी पातीची रेघ उमटलेली. त्याच्या बाजूला दुसरा. त्याच्या बाजूला तिसरा.

मी फवारा चालूच ठेवला. पंपाचा आवाज तेवढा. एक तासात पट्टी पूर्ण उघडली. आठ टाचा, एका ओळीत, सगळ्या उजव्या. त्यांच्या मागे अजून एक ओळ सुरू होत होती. चूल नाही. खापर नाही.

अधिकारी चिखलाच्या काठावर उकिडवे बसले, इस्त्रीच्या पॅन्टमध्ये. "ही काय पद्धत आहे?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी बोट वर केलं, बाहेरच्या खांडीकडे. तिथे आमच्या टाचा होत्या, कालच्या, उन्हात सुकून पांढऱ्या पडलेल्या. तशाच ओळी. अधिकाऱ्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खड्ड्यातल्या टाचांकडे बोट करून म्हणाले, "आणि या कोणाच्या?"

प्रश्न मॅडमना होता. उत्तर मतेओ मामाने दिलं. कामटी खाली ठेवली, हात पॅन्टला पुसले आणि म्हणाला, "आमच्या."

बाकीचं पटकन सांगते. अधिकाऱ्यांनी त्या दिवशी जेवण आमच्याबरोबर केलं. मॅडमनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेलं 'घर' खोडलं आणि 'बांध' लिहिलं, आणि दाराच्या जागी काय लिहू असं मला विचारलं. मी म्हटलं, उघाडी. त्यांनी ते रोमन अक्षरांत तसंच्या तसं लिहिलं. आता त्या खाडीच्या कागदांवर आपल्या गावचा शब्द आहे. उपशाची वाट सरकली, मुखाच्या दुसऱ्या बाजूने गेली. आणि त्या टाचा आम्ही परत झाकल्या. हे ऐकून लोक हळहळतात. पण आमच्या कामात जपणं म्हणजे बऱ्याचदा हेच. बघायचं, उतरवून घ्यायचं, ओला चिखल परत वर घालायचा आणि त्यांच्या अंधारात त्यांना सोडून द्यायचं. संग्रहालयात काचेच्या पेटीत त्या दोन वर्षांत भुगा झाल्या असत्या.

मे महिन्यात घरी आले. आल्या आल्या उघाडी बघायला गेले. नव्हती. सिमेंटचे पाइप टाकलेत तिथे. खाचेचे खांब काय झाले विचारलं तर कोणालाच आठवेना, कोणी म्हणालं जाळले असतील. वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि कोणावर रागावणार? दुसऱ्यांच्या उघाडीचं मी मिलिमीटरमध्ये माप घेतलं आणि आपल्या उघाडीचा माझ्याकडे एक फोटो नाही; आत्याचं वाक्य तेव्हा लागलं. तेव्हापासून रोज सकाळी बाबांबरोबर बांधावर जाते, ते सांगतात, मी काढते. मिठागराचा अख्खा नकाशा झालाय, आठवणीतून. ज्यांच्याकडे जुने फोटो असतील त्यांनी द्या, परत करीन, ओलं करणार नाही.

तर एका सकाळी बांधावर बसून मी बाबांना टाचांचा फोटो दाखवला. मोठा, टॅबलेटवर. आठ टाचा. बाबांनी चष्मा पुसला.

"किती जुनं म्हनलीस?"

"हजाराच्या वर वर्षं."

"बांध बरा घातलाय." बराच वेळ बघत बसले. मग बोट ठेवलं. "हा चौथा लंगडा व्हता."

"काय?"

"बघ की. टाच एका अंगाला बसलेय, दाब न्हाय. पायात जोर नव्हता त्याच्या. आनि हा बाजूचा, पाचवा, त्यानं त्याच्या जाग्यावर दुसऱ्यांदा पाय दिलाय. ठसा डबल हाय. आपल्याकडं पन असंच करतात. लंगडा असला तरी रांगेतनं काढत न्हाय कोनी. बाजूचा दोनदा पाय देतो."

मी फोटो मोठा केला. डबल होता. दोन महिने मी त्या आठ टाचा मोजल्या होत्या, खोली, रुंदी, कोन, आणि चौथ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: अस्पष्ट.

तिथेच बांधावर बसून मॅडमना फोटो पाठवला, बाबांचं बोट जिथे होतं तिथे लाल गोल करून. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्यांनी मूळ मापं पुन्हा तपासली होती. आमच्या अहवालात चित्राखाली ज्यांनी ठसे वाचले त्यांची नावं असतात. आता तिथे तीन नावं आहेत, एलेना मॅडमचं, मतेओ मामाचं आणि बाबांचं. माझं पाण्याच्या फवाऱ्यासाठी वेगळ्या पानावर आहे, आणि मला चालतंय.

बाबांना ते पान छापून दिलं. त्यांनी स्वतःच्या नावाकडे बघितलंच नाही. विचारलं, "चौथ्याचं काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं. 'अस्पष्ट' खोडलंय. त्या जागी लिहिलंय: चौथा, लंगडा, रांगेत.